भीती वाटते, म्हणजे विश्वास गेला का?

हा प्रश्न घेऊन नागपूरच्या सदर भागातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वर्षाकाठी चार-पाच जण तरी येतात. मागच्या पावसाळ्यात आलेल्या एका मुलाची गोष्ट सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय 26, हिंगणा एमआयडीसीत फिटर. घरी दर बुधवारी दहा-बारा जणांची प्रार्थना व्हायची. एका रात्री वस्तीतल्या चार पोरांनी त्याची गाडी अडवली. "पुढच्या बुधवारी टाळ्या ऐकू आल्या तर पाहून घेऊ."

"मॅडम, मले झोपच नाही येऊन राहिली. आता तर वाटते, हे सगळं खरं तरी आहे का? येशू खरंच उठला असता तर मी इतका भ्यालो असतो काय?"

बोलताना त्याचा उजवा हात सारखा खिशात. गाडीच्या किल्लीला लाकडी क्रूस होता. आधी तो बाहेर लोंबायचा, आता मुठीत. त्याच्या पाळकांनी शंका सैतानाकडून येते म्हणून सांगितलं होतं, आईनं उपास धरायला लावला होता. आणि मी? मीही पहिल्याच भेटीत बायबल उघडून धीराची वचनं वाचली. तो मान हलवत राहिला आणि पुढच्या भेटीला आलाच नाही. इतक्या वर्षांच्या कामानंतरही ही घाई माझ्याकडून होते.

तिसऱ्या आठवड्यात तो आला, तेव्हा मी बायबल मिटूनच ठेवलं. कागदाची मधोमध घडी घातली आणि विचारलं, "ती पोरं उद्या नागपूर सोडून गेली, तर तुझ्या प्रश्नांतले कोणते उरतील? ते इकडे लिही."

बराच वेळ पेन हलला नाही. मग एकच ओळ आली : लहान बहीण तापानं गेली, तेव्हा प्रार्थना का नाही ऐकली?

बहीण जाऊन सात वर्षं झाली होती. बाकीचं सगळं, रात्रीची धडधड, 'मी गद्दार आहे' हे, घडीच्या पलीकडे गेलं. गाडी अडवली त्या रात्रीपासूनचं होतं ते. भीती बरेचदा शंकेचे कपडे घालून येते आणि आपण तिच्याशी धर्मशास्त्रात वाद घालत बसतो.

भीतीचं काम त्यामानानं सरळ होतं. धमकी देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 खाली गुन्हा आहे, आणि आपला धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य संविधानाच्या अनुच्छेद 25 मध्ये आहे. तारीख, वेळ, शब्द लिहून काढले. चर्चच्या मंडळीतले दोन वडीलधारे सोबत गेले, पोलीस ठाण्यात अर्ज दिला, पोच घेतली. एकट्यानं जायचं नाही आणि मोबाइलवर उलट शिवी द्यायची नाही, एवढं मी बजावलं होतं.

बहिणीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. ते मी त्याला तसंच सांगितलं. स्तोत्र 13 ची सुरुवातच 'कोठवर' या सवालानं होते, आणि ते स्तोत्र कुणी बायबलमधून काढून टाकलेलं नाही, एवढं मात्र दाखवलं. त्याच्या शंका लगेच मिटाव्यात अशी आईला घाई होती, तिला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण दिली. त्यांचे पती नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली पाच वर्षं कुणाला ढकलून संपवता आली नसती.

मग एकदा त्यानंच बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 20वा अध्याय काढला. पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या थोमा या शिष्याची गोष्ट त्याला पाठ होती, पण दाराकडे लक्ष गेलं नव्हतं. शिष्य भीतीनं दारं लावून बसलेले. मरणातून उठलेला येशू त्यांना भेटून जातो, थोमा तेव्हा तिथं नसतो. आठ दिवसांनी पुन्हा सगळे घरात, आणि दारं पुन्हा बंदच!

"म्हणजे ज्यायनं पाहिलं होतं, त्यायनंही कडी लावलीच होती?"

"हो. आणि थोमाचा विश्वास बसला नव्हता, तरी त्याला कुणी बाहेर काढलं नव्हतं."

तो हसला. दोन महिन्यांत मी पहिल्यांदाच पाहिलं.

पोलिसांनी दोन्हीकडच्यांना बोलावून समज दिली. पोरं आता बोलत नाहीत, नुसती बघतात. बुधवारची प्रार्थना सध्या मावशीकडे होते. तो जातो, गाण्यात आवाज मिसळतो, पण मोठ्यानं प्रार्थना अजून करत नाही.

"खुर्ची मात्र दाराजवळच घेतो, मॅडम," परवा फोनवर म्हणाला. "चालते ना?"

चालते, म्हटलं.