स्थलांतराचा इतिहास शिकायला अमेरिकेत येण्यापूर्वी

इतिहासात एम.ए. झाल्यावर स्थलांतर आणि राष्ट्रीय अस्मिता या विषयात अमेरिकेत पीएच.डी. करावी का, आणि पुढे तिथेच प्राध्यापकी मिळेल का, असे आपण विचारले आहे. मी याच वाटेने आलो आणि आज हाच विषय शिकवतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आपला विषय आपल्याला पहिल्यांदा भेटेल तो वकिलातीच्या खिडकीपाशी. एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी शिक्षण संपल्यावर मायदेशी परतण्याचा इरादा अधिकाऱ्याला पटवावा लागतो. म्हणजे स्थलांतराच्या अभ्यासकाने आधी स्थलांतर न करण्याची ग्वाही द्यायची!

स्वखर्चाने दुसरी एम.ए. करू नये. शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळत असेल तरच थेट पीएच.डी.ला यावे. बहुतेक ठिकाणी अर्जाची मुदत डिसेंबरच्या सुमारास संपते.

विद्यावेतनाच्या बदल्यात बहुधा शिकवावे लागते, आणि माझ्या मते खरे शिक्षण तिथेच होते. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या १७९० च्या कायद्याने नागरिकत्व 'स्वतंत्र गोऱ्या' व्यक्तींपुरते ठेवले होते. नोव्हेंबर १९२२ मध्ये जपानी ताकाओ ओझावा यांना ते नाकारताना सर्वोच्च न्यायालयाने 'गोरा म्हणजे कॉकेशियन' (तेव्हाच्या वंशशास्त्रात युरोपीयांसह उत्तर भारतीयही ज्यात मोडत तो वंश) असे म्हटले, आणि अवघ्या तीन महिन्यांनी पंजाबी भगतसिंग थिंड यांना नाकारताना तेवढेही पुरेसे नाही, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असे ठरवले. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड स्वतः इंग्लंडात जन्मलेले होते. हे निकाल मी विद्यार्थ्यांना शेजारीशेजारी ठेवून वाचायला देतो. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांचेही नागरिकत्व काढून घेण्यासाठी सरकार न्यायालयात गेले. ते मात्र १९२६ मध्ये अपिलात जिंकले. पंडितांबद्दल मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही, याचा विचार प्रबंधाचा विषय निवडताना जरूर करावा.

नोकरीबाबत आशा बेताचीच ठेवावी. कायम होऊ शकणाऱ्या जागा थोड्या आहेत, आणि इतिहासाच्या पदवीधराला शिक्षणोत्तर कामाची परवानगी बारा महिन्यांचीच मिळते. १९६५ च्या कायद्याने वंशाधारित कोटा रद्द झाला, तरी प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मागणाऱ्या भारतीयांची रांग फार लांब आहे.

निघण्यापूर्वी गुरुमुखी शिकून घ्यावी. सॅन फ्रान्सिस्कोतून १९१३ पासून निघालेले 'गदर' हे तिथल्या भारतीय क्रांतिकारकांचे वृत्तपत्र उर्दूत आणि पंजाबीत होते. मला ती लिपी इथे आल्यावर, पात्रता परीक्षेच्या धामधुमीत शिकावी लागली.