संगीत नाटकासाठी देणगी : पुरस्कार की तालीम?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील निवृत्त शिक्षक आहे. लहानपणी वडिलांबरोबर बेळगावात पाहिलेल्या संगीत नाटकांनी जे वेड लावले, ते सत्तरी ओलांडली तरी उतरलेले नाही. बाजूला ठेवलेले एक लाख रुपये आणि वडिलांची पायपेटी (पायाने भाता चालवून वाजवायची हार्मोनियम) या कलेसाठी द्यावी, असे मनात आहे. मुलाचे म्हणणे असे की, रक्कम एखाद्या संस्थेकडे कायम ठेव म्हणून देऊन वडिलांच्या नावे वार्षिक पुरस्कार सुरू करावा. आपले मत काय?

उत्तर : मुलाची भावना योग्य असली, तरी पुरस्काराच्या बाजूने आमचे मत नाही. एक लाखाच्या ठेवीवर सात टक्के व्याज धरले, तर वर्षाला सात हजार रुपये येतील. त्यातून शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि सभागृहाचे भाडे वजा करून गाणाऱ्याच्या हाती काय पडेल, ते आपणच मांडून पाहावे. सत्कारांची तशीही आपल्याकडे टंचाई नाही.

हौशी मंडळांचे संगीत नाटक अडते ते तालमीत. पद कोणत्या वाक्यावर उचलायचे, आलाप किती लांबवायचा, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन पुन्हा संवादात कसे शिरायचे, हे नट, ऑर्गनवादक आणि तबलजी बरोबर बसल्याशिवाय ठरत नाही. परंतु तेवढ्या तालमींचे मानधन परवडत नसल्याने साथीदार अखेरच्या दोन दिवसांत येतात, आणि मग प्रयोगात पद सुरू झाले की कथानक खोळंबते. म्हणून ही रक्कम दरवर्षी वीस हजार याप्रमाणे पाच वर्षे द्यावी, ती केवळ तालमीतील साथीदारांच्या मानधनासाठी आहे असे पत्रात स्पष्ट लिहावे, आणि मागील वर्षाचा हिशेब पाहूनच पुढचा हप्ता द्यावा.

या कलेचे आपल्या भागाशी नाते जुने आहे. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ हे संगीत नाटक रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर 1843 मध्ये जन्मले ते आजच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरला, आणि गायक-नट केशवराव भोसले यांची ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी 1908 मध्ये हुबळीत उभी राहिली. याच केशवरावांनी आणि बालगंधर्वांनी 1921 मध्ये मुंबईत स्वातंत्र्यचळवळीच्या टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’, म्हणजे ‘मानापमान’ नाटकाचा एकत्रित प्रयोग, केला. तेव्हा नाटकवाल्यांनी समाजाकडून नुसते घेतले, असे कुणी म्हणू नये.

करसवलत हवी असल्यास संस्थेला 80जीची मान्यता आहे का, ते आधी विचारावे. दोन हजारांपेक्षा अधिक रक्कम रोख दिल्यास ही वजावट मिळत नाही, आणि आपण नवी करप्रणाली स्वीकारली असेल तर ती मुळातच लागू होत नाही.

पायपेटीबाबत मात्र घाई नको. खानापूरच्या पावसात भात्याच्या कातड्याला बुरशी लागते, सूर दमट हवेने अडकतात आणि पट्टी दाबली की ती वर येत नाही. म्हणून प्रथम जाणत्या कारागिराकडून तिची दुरुस्ती करून घ्यावी आणि तो खर्चही देणगीचाच भाग समजावा. शोभेसाठी काचेआड ठेवणाऱ्या संस्थेपेक्षा जिथे आठवड्यातून दोनदा तरी ती वाजेल, अशा मंडळाला ती द्यावी. मंडळ बंद पडल्यास पेटी कुटुंबाकडे परत यावी, एवढी अट देणगीपत्रात घालून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात.