वाचकांचे प्रश्न : बोटाची कंडरा शिवल्यानंतर

प्रश्न : माझे वय 46 आहे. चार आठवड्यांपूर्वी इसवण कापताना हात घसरला आणि आदोळीचे (विळीचे) पाते डाव्या हाताच्या अनामिकेच्या मुळाशी खोल गेले. बोट वाकवणाऱ्या दोन्ही कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोरीसारखे पट्टे) आणि एका बाजूचा मज्जातंतू तुटला होता. शस्त्रक्रिया करून ते शिवले आहेत. हातावर स्प्लिंट (हात स्थिर ठेवणारा प्लास्टिकचा आधार) आहे व सांगितलेले व्यायाम मी नियमित करते. दुखणे जवळजवळ थांबले आहे, तरी बोट आखडलेले वाटते आणि शेंडा बधिर आहे. चवथ (गणेश चतुर्थी) तीन आठवड्यांवर आली आहे. तोवर पीठ मळणे, नारळ खवणे, नेवऱ्या (करंज्या) करणे जमेल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : दुखणे थांबले म्हणजे कंडरा पक्की झाली, असे कृपया समजू नका. त्वचेची जखम दोन आठवड्यांत भरून येते. कंडरेला रक्तपुरवठाच तुटपुंजा असल्याने ती सावकाश जुळते. सुरुवातीचे काही आठवडे सारा भार टाक्यांवर असतो, आणि हाताला पुरेशी ताकद येण्यास साधारण 12 आठवडे लागतात. शिवलेली कंडरा पुन्हा तुटण्याचे प्रसंग बहुधा याच काळात घडतात, आणि तेही व्यायामामुळे नव्हे, तर घसरणारे भांडे पटकन पकडण्यासारख्या नकळत लावलेल्या जोरामुळे.

आपल्याला जखम झाली ती जागाही नाजूक आहे. बोटाच्या मुळाशी दोन्ही कंडरा एकाच अरुंद नळीसारख्या आवरणातून सरकतात. तिथे सूज आली की कंडरा भोवतालच्या भागाला चिकटतात. म्हणूनच पूर्वी या भागातील कंडरा ताबडतोब शिवण्यास शल्यविशारद धजत नसत. 1960 च्या दशकात अमेरिकेतील हॅरॉल्ड क्लायनर्ट यांनी कंडरा लगेच शिवून, रबराच्या साहाय्याने बोट हलते ठेवून चांगले परिणाम दाखवले आणि हा संकोच हळूहळू मावळला. आज पद्धती बदलल्या असल्या तरी तत्त्व तेच आहे : कंडरा सरकली पाहिजे, पण तिच्यावर ओझे पडता कामा नये. आपल्या मनातील सगळ्या प्रश्नांना हाच एक निकष लावून पाहावा.

बोट आखडलेले वाटते, तेव्हा व्यायामाची रीत एकदा तपासून पाहा. आपल्या थेरपिस्टने 'ठेवा आणि धरा' हा व्यायाम दिला असेल, तर उजव्या हाताच्या बोटांनी दुखरे बोट अलगद तळव्याकडे वाकवावे, मग आधार काढून ते तीन-चार सेकंद स्वतःच्या बळावर, पण अगदी हलकेच, तिथे राहू द्यावे आणि नंतर स्प्लिंटच्या पाठीला टेकेपर्यंत सरळ करावे. हा शेवटचा भाग अनेकजण अर्धवट सोडतात. मधला सांधा वाकलेलाच राहून कायमचा आखडण्याची भीती त्यातूनच निर्माण होते. सकाळ-संध्याकाळ एकदम पुष्कळ व्यायाम करण्यापेक्षा दिवसभर थोडा थोडा करणे हिताचे असते. सूज असेल तर हात हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवावा. या दमट हवेत स्प्लिंटखाली घाम साचतो म्हणून तो मनाने काढू नये, गरम पाण्याने धुऊ नये आणि उन्हातल्या गाडीत ठेवू नये. त्याचे प्लास्टिक उष्णतेने मऊ होऊन आकार बिघडतो.

बधिरपणाबाबत धीर धरावा लागेल. मज्जातंतू दिवसाला फार तर एक मिलिमीटर वाढतो, त्यामुळे शेंड्यापर्यंत संवेदना पोहोचायला काही महिने लागतात. तोपर्यंत त्या बोटाला चटका बसलेला कळणार नाही, म्हणून तळणाच्या कढईजवळ तो हात नेऊच नका.

आता चवथीविषयी. त्या वेळी आपला सातवा आठवडा असेल आणि बहुधा स्प्लिंट सुटलेला असेल. नेवरीत चून भरणे, वाती वळणे अशी हलकी कामे थेरपिस्टच्या संमतीने करता येतील. पीठ मळणे, दोन्ही हातांनी कवड धरून नारळ खवणे, घागर उचलणे आणि माटोळीच्या (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताच्या) दोऱ्या ताणणे मात्र यंदा घरच्यांवर सोपवा. अशा कामांसाठी साधारण 12 आठवडे थांबावे लागते. स्कूटरचेही तसेच आहे, कारण डाव्या हाताचा ब्रेक अचानक आवळावा लागतो. कदंब बसने जाताना दांडी उजव्या हाताने धरावी.

बोटात 'कट्' असे काही जाणवून ते वाकेनासे झाले, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी शल्यविशारदांना गाठावे. पुन्हा शिवण्याची संधी पहिल्या काही दिवसांतच सर्वांत चांगली असते.

प्रश्न : माझी अशीच शस्त्रक्रिया पाच महिन्यांपूर्वी झाली. दुसऱ्या हाताने वाकवले तर बोट पूर्ण वाकते, पण आपणहून अर्धेच वाकते. गावातील वैद्यांकडून ओढून-चोळून घ्यावे का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : ओढून घेऊ नका. सांधे मोकळे आहेत आणि जोर मात्र पोहोचत नाही, यावरून कंडरा चिकटली असावी असे वाटते. क्वचित टाके सैल होऊन तिची टोके दुरावलेली असतात. तपासणी आणि सोनोग्राफी यांतून हा फरक बहुधा कळतो. चिकटलेली कंडरा मोकळी करण्याची शस्त्रक्रिया उपलब्ध आहे. मात्र काही महिने मनापासून थेरपी करूनही प्रगती थांबली आणि व्रण मऊ पडला, तरच तिचा विचार करतात. त्यानंतर एक-दोन दिवसांतच, दुखत असतानाही, व्यायाम सुरू करावे लागतात. तेवढी तयारी असेल तरच होकार द्यावा, अन्यथा कंडरा पुन्हा चिकटते.