वाचकांचे प्रश्न : कॉइल स्वतः बांधायचीय, सुरुवात कुठून करू?

यावेळी ब्रिटनमधल्या वाचकांकडून एकाच विषयावर बरेच प्रश्न आलेत. १ जून २०२५ पासून तिकडे एकदा वापरून फेकायचे वेप विकायला बंदी आली, तेव्हापासून बरेच जण रिफिलच्या टँककडे वळलेत आणि त्यातले काही आता म्हणतायत की कॉइल (लिक्विड तापवून वाफ करणारी तारेची गुंडाळी) पण आपणच बांधू. म्हणून हा अख्खा भाग त्यावरच घेतलाय. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, ही उत्तरं जे सिगारेट सोडून वेपवर आलेत अशा मोठ्या माणसांसाठी आहेत. ज्यांनी आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही त्यांनी हे सुरूच करू नये, निकोटिनची सवय लागायला वेळ लागत नाही आणि सुटायला फार वेळ लागतो.

प्रश्न : नमस्कार दादा, मी लेस्टरला असतो, सिगारेट सोडून दीड वर्ष झालं. विकतची कॉइल आठवडाभरात जळकी चव द्यायला लागते आणि पाचाचं पाकीट घ्यायचं म्हणजे दर महिन्याचा खर्च आहेच. व्हिडिओ बघून डोकं गरगरतंय, क्लॅप्टन काय, एलियन काय. मला अगदी पहिल्यापासून सांगा ना, काय घेऊ आणि काय करू?

क्लॅप्टन, एलियन सगळं सध्या विसरून जा. जाड तारेवर बारीक तार गुंडाळून केलेल्या त्या कॉइल दिसायला भारी असतात, पण गरम व्हायला वेळ घेतात, बॅटरी जास्त खातात आणि चुकलं तर नक्की कुठे चुकलं ते नवख्या माणसाला कळतच नाही. साध्या गोल तारेची एक कॉइल, एवढंच घेऊन बसा.

सामान असं. ज्याच्यात आपली कॉइल बसवता येते असा टँक, म्हणजे आरटीए, आणि तोही एका कॉइलचा घ्या, दोन कॉइलच्या डेकवर (कॉइल बसते तो तळ) दोन्ही अगदी सारख्या बांधाव्या लागतात नाहीतर एक आधी तापते. मॉड (टँक ज्यावर बसतो तो बॅटरीचा भाग) चिपवाला, म्हणजे रेग्युलेटेडच, जो स्क्रीनवर ओम, म्हणजे तारेचा विजेला होणारा विरोध (रेझिस्टन्स), दाखवतो आणि शॉर्ट असेल तर फायरच होत नाही. तार कांथल ए-१, २६ गेजची. कांथल म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, मूळचा स्वीडनचा, भट्ट्यांच्या हीटरमध्ये वापरतात तोच. तो थोडा ताठ असतो त्यामुळे दिलेला आकार धरून ठेवतो, म्हणून शिकायला बरा. सोबत ३ मिलिमीटरची गुंडाळायची दांडी (ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू पण चालते), तार मुळापासून कापणारी छोटी कटर, सिरॅमिकच्या टोकाचा चिमटा आणि चांगला कापूस. चिमटा सिरॅमिकचाच लागतो कारण गरम कॉइल दाबताना धातूचा चिमटा लावला तर शॉर्ट होईल.

आता गणित, आणि हे टाळू नका. २६ गेजची तार ०.४ मिलिमीटर जाड असते आणि कांथल ए-१ मध्ये तिचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ११ ओम पडतो. ३ मिलिमीटरच्या दांडीवर एका वेढ्याला जेमतेम पावणेअकरा मिलिमीटर तार जाते, म्हणजे ६ वेढ्यांना ६४ मिलिमीटर, शिवाय दोन्ही पायांची मिळून एखादा सेंटिमीटर धरा, झाले ७४ मिलिमीटर, मीटरला ११ ओमने ०.८ ओमच्या आसपास. मुद्दाम हाताने करून दाखवलं, कारण ॲपमध्ये आकडा टाकला की उत्तर मिळतं पण वेढा वाढवला तर ओम वाढतात, तार जाड घेतली तर कमी होतात, हे डोक्यात बसत नाही. ते एकदा बसलं की मग कोणाची रेसिपी लागत नाही.

बांधताना तार ताणून धरा आणि वेढे एकमेकांना चिकटून येऊ द्या. पाय स्क्रूखाली घालायचे ते दांडी आतच ठेवून, म्हणजे कॉइल वाकडी होत नाही. स्क्रू घट्ट करा पण जीव खाऊन नको, बारीक तार तुटते. बाहेर आलेली टोकं अगदी मुळाशी कापा, टोक राहिलं आणि वरच्या टोपीला टेकलं की झाला शॉर्ट. कॉइल हवेच्या भोकाच्या बरोबर वर, एक-दोन मिलिमीटर उंच असू द्या.

मग मॉडवर लावून आधी ओम वाचा. ०.८ च्या जवळपास आलं तर पुढे, आकडा उड्या मारत असेल तर स्क्रू ढिला आहे. कापूस घालायच्या आधी १० ते १२ वॅटवर सेकंदभर दाबा, सोडा, परत दाबा. लाल रंग मधून सुरू होऊन दोन्हीकडे सारखा पसरला पाहिजे. एखादा वेढा किंवा पायच आधी चमकला तर तो हॉट स्पॉट, बटण सोडून चिमट्याने कॉइल हलकेच खरवडा, दाबा, परत बघा. कॉइल पिवळी-पांढरी होईपर्यंत भाजत बसू नका, व्हिडिओत करतात म्हणून आपण करायलाच पाहिजे असं नाही, धातूला तेवढं तापवण्याची काही गरज नसते. मंद लाल दिसला की पुरे.

प्रश्न : स्लाउहून लिहितेय. कॉइल मस्त झाली, ओम पण बरोबर आले, सगळी सारखी चमकली. पण टँक भरून पहिलाच पफ घेतला आणि घसा अक्षरशः भाजला, एवढी जळकी चव. काय चुकलं असेल?

ताई, कॉइल बरोबर आहे, कापूस चुकलाय. नवीन शिकणाऱ्या माणसाचा नव्वद टक्के वेळ तारेवर जातो आणि खरी गंमत असते विकमध्ये, म्हणजे लिक्विड शोषून कॉइलपर्यंत नेणाऱ्या कापसात, हे माझं ठाम मत आहे. वाकडीतिकडी कॉइल चांगल्या कापसावर नीट चालते, सुंदर कॉइल वाईट कापसावर चालत नाही.

कापसाची पट्टी कॉइलमधून ओढताना थोडी अडली पाहिजे पण कॉइल सोबत ओढली जाता कामा नये. अगदी सहज सरकली तर कापूस कमी, कॉइल हलायला लागली तर जास्त. मधे जास्त कोंबला की लिक्विड वर चढत नाही, कोरडा कापूस जळतो, त्यालाच ड्राय हिट म्हणतात. ती फक्त चवीची गोष्ट नाही हं, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असं कोरडं तापलं की त्यातून फॉर्माल्डिहाइड, अॅक्रोलीन असली घातक रसायनं तयार होतात, त्यामुळे जळकी चव आली की "संपेल एवढं" म्हणून ओढत राहू नका, लगेच थांबा आणि कापूस बदला.

माझा अंदाज, तुमच्याकडे शेपट्या, म्हणजे कॉइलबाहेर राहिलेली कापसाची टोकं, फार दाट राहिल्यात. दोन्ही बाजूच्या शेपट्या डेकच्या कडेपर्यंत कापा, चिमट्याच्या टोकाने विंचरून विरळ करा आणि लिक्विडच्या वाटेत नुसत्या टेकवून ठेवा, ठासू नका. उलट टँक खालून गळायला लागला तर समजा तिथे कापूस कमी पडला. हे दोन टोकांमधलं माप प्रत्येक टँकचं वेगळं असतं, दोन-चार वेळा करून हाताला कळतं. टँक लावायच्या आधी कापसावर थेंब थेंब टाकून पूर्ण भिजवा, बटण हलकेच दाबून वाफ येते का बघा, मग टँक भरून दहा मिनिटं ठेवा. सुरुवात १५ वॅटपासून करा आणि एकेक वॅट वर जा, ०.८ च्या या कॉइलला २० ते २५ मध्ये बहुतेकांना बरं वाटतं.

अजून एक, तुम्ही पॉडमधलं (छोट्या, कमी वाफेच्या वेपमधलं) २० मिलिग्रॅमचं निक सॉल्टच (क्षाराच्या रूपातलं निकोटिन असलेलं लिक्विड) या टँकमध्ये भरलं असेल तर ते पण घसा धरायचं कारण आहे. मोठ्या कॉइलमधून एका पफला खूप जास्त वाफ जाते, म्हणजे निकोटिनही तेवढंच जास्त. अशा टँकला ३ मिलिग्रॅमच्या आसपासचं लिक्विड घेतात. चक्कर, मळमळ, छातीत धडधड असं झालं तर बाजूला ठेवून द्या.

प्रश्न : दादा, बर्मिंगहॅममधून. मित्राने त्याचा जुना मेकॅनिकल मॉड दिलाय, म्हणतो खरी मजा यातच, ०.१५ ओमची ड्युअल कॉइल टाक आणि ढग बघ. टाकू का?

नको रे. मित्राला सांग परत घेऊन जा, आणि हे मी भीती घालायला सांगत नाहीये, हिशोब बघ तूच.

मेकॅनिकल मॉड म्हणजे एक नळी, बटण आणि बॅटरी. मधे चिप नाही, कट-ऑफ नाही, जे आहे ते थेट. भरलेली बॅटरी ४.२ व्होल्टची. ४.२ भागिले ०.१५ म्हणजे २८ अँपिअर. आपल्याकडे जी १८६५० बॅटरी असते (१८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांब, म्हणून ते नाव) तिच्यातल्या चांगल्या कंपनीच्या चांगल्या सेलचं सतत द्यायचं रेटिंग बहुतेक वेळा १५ ते २५ अँपिअर असतं. वरच्या वेष्टनावर ४० अँपिअर छापलं असेल तर तो आकडा सरळ खोटा समज. म्हणजे पहिल्याच बटणाला तू सेलला झेपत नाही एवढा करंट मागतोयस. सेल आतून तापतो, गॅस धरतो, आणि बंद नळीत त्या गॅसला वाट मिळाली नाही तर नळीच फुटते. २०१८ च्या मे महिन्यात फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला असाच मॉड फुटून एक माणूस गेला, तो पण मेकॅनिकलच होता.

हायब्रिड टोपीवाला मॉड (ज्यात टँकची पिन थेट बॅटरीला टेकते) असेल तर अजून एक धोका, टँकची मधली पिन पुरेशी बाहेर आलेली नसेल तर बॅटरीचं टोक बाहेरच्या कड्याला टेकतं आणि बटण दाबताच थेट शॉर्ट होतो.

रेग्युलेटेड मॉडमध्ये हिशोब वेगळा असतो आणि तो बऱ्याच जुन्या लोकांनाही माहीत नसतो. तिथे बॅटरीवरचा ताण ओमवर नाही तर वॅटवर ठरतो, आणि बॅटरी उतरत जाते तसा तो वाढतो. ४० वॅट लावलेत आणि बॅटरी ३.२ व्होल्टवर आलीये तर साडेबारा अँपिअर, चिपचा तोटा धरून चौदाच्या आसपास. एका सेलच्या मॉडला म्हणून ४०-४५ च्या पुढे जायचं नाही. बॅटरीचं प्लास्टिक वेष्टन जरा जरी फाटलं तरी वापरू नकोस, वेष्टन नवीन घालता येतं, काही पेन्सची गोष्ट आहे. आणि सुटी बॅटरी खिशात चिल्लर किंवा किल्ल्यांबरोबर कधीच नाही, प्लास्टिकच्या डबीतच.

ढग पाहिजे असतील तर हवा मोकळी सोड, ग्लिसरीन जास्त असलेलं लिक्विड घे, पण जाड लिक्विड हळू चढतं म्हणून कापूस अजून थोडा विरळ ठेव.

प्रश्न : ग्लासगोहून. शेगडीच्या कॉइलमध्ये पण निक्रोमच असते ना, मग तीच किंवा हार्डवेअरच्या दुकानातली तार वापरली तर काय बिघडलं? आणि टायटॅनियम की स्टील?

शेगडीत निक्रोम असते हे खरं, निकेल आणि क्रोमियमची. पण तिचा नेमका ग्रेड आपल्याला माहीत नसतो आणि वापरलेली असेल तर वर काय काय जळून बसलंय तेही नाही, आणि हे फुप्फुसात जाणार आहे. हार्डवेअरच्या दुकानातल्या तारेचं तर नावच काढू नका, तिच्यावर बहुतेक वेळा जस्ताचा थर असतो आणि तापलेल्या जस्ताच्या धुराने वेल्डिंगवाल्यांना ताप येतो तसा येतो. ग्रेड लिहिलेलीच तार घ्या. निक्रोम ८० चालते, पटकन तापते, पण निकेलची ॲलर्जी असेल, म्हणजे खोट्या दागिन्यांनी कान चिघळत असतील, तर कांथलवरच राहा. स्टील ३१६एल पण चांगली, वॅट आणि टेंपरेचर कंट्रोल (ठरवलेल्या तापमानाला मॉड स्वतःच वीज कमी करतो ती सोय) दोन्हीवर चालते. टायटॅनियम आणि शुद्ध निकेल फक्त टेंपरेचर कंट्रोलसाठी, त्यांना लाल करून बघायचं नसतं, म्हणून पहिल्या वर्षात त्यांच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : मी पुण्याची. भाचा लंडनहून येताना त्याचा जुना मॉड आणि तारा माझ्या मुलासाठी आणतो म्हणतोय, मुलगा २४ वर्षांचा आहे, सिगारेट ओढतो. घेऊ का?

काकू, भाच्याला आजच फोन करून सांगा की आणू नकोस. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, वाटणं, जाहिरात, साठवणूक सगळ्यावर बंदी आहे. आयात पहिल्यांदा सापडली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. सुटे भाग म्हणून वेगळे आणले तरी चालत नाही, कायद्याच्या बंदीत सुटे भागही धरलेत. म्हणून वरची सगळी उत्तरं तिकडच्या वाचकांसाठीच आहेत, इकडे कोणी करून बघू नये. मुलाला खरंच सोडायची असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं का ते फोन केल्यावर विचारा, शिवाय निकोटिनच्या गोळ्या-गम इथे मेडिकलमध्ये मिळतात, डॉक्टरांना विचारून डोस ठरवा.

प्रश्न : रेडिंगहून. नवरा रात्री डायनिंग टेबलवर हे सगळं मांडून बसतो, घरात तीन वर्षांची मुलगी आहे. काळजी करू का?

करा, आणि त्याला हे वाचायला द्या. निकोटिनचं लिक्विड लहान मुलाच्या पोटात गेलं तर विषच आहे आणि त्याला आंब्याचा, स्ट्रॉबेरीचा वास येतो. झाकण लावलेली बाटली, भरलेला टँक, भिजलेला जुना कापूस, सगळं कुलपात, नुसतं उंचावर ठेवून भागत नाही कारण तीन वर्षांची मुलं खुर्चीवर चढतात. मुलीने तोंडात घातलंय अशी शंका जरी आली तरी उलटी करायला लावू नका, लगेच ९९९. लिक्विड हाताला लागलं तर साबणाने धुवून मगच तिला उचलायचं. तारेचे कापलेले तुकडे मोजून उचला, ते पायात घुसतात. आणि जुन्या बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात नकोत, कचऱ्याच्या गाडीत दाबल्या गेल्या की आग लागते, टोकांना चिकटपट्टी लावून सुपरमार्केटच्या दारातल्या बॅटरीच्या डब्यात टाका.