सुपरहिरोच्या सिनेमाचा पहिला प्रसंग प्रेक्षकांना कसा गुंतवून ठेवतो?

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी 'पाच-सहा मुद्दे द्या' असं तुम्ही लिहिलंय. मुद्दे माझ्याकडे नाहीत. एकवीस मोदक आहेत आणि एक सासरे आहेत, तेवढ्यावर भागवून घ्या.

२००८च्या जानेवारीत लग्न होऊन मी सावंतवाडीहून इंदूरला आले. जुलैत बॅटमॅनचा 'द डार्क नाइट' लागला. नवऱ्याला बघायचाच होता, म्हणून मीही गेले. माझं इंग्रजी तेव्हा बेताचं आणि पडद्यावरची माणसं मुखवट्याआडून बोलणारी. तरी पहिली पाच-सहा मिनिटं मी हातातला समोसा तसाच धरून बसले होते, खायचं भान नव्हतं.

का, ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. मी मोजत होते! विदूषकाचे मुखवटे घातलेले दरोडेखोर बँक लुटायला निघालेत आणि गाडीत बोलणं काय, तर वाटे किती. एक म्हणतो पाच. दुसरा म्हणतो सहा, कारण ज्याने बेत आखला त्याचाही वाटा धरायला हवा. झालं. आकडा एकदा कानात पडला की आपण हिशेबाला बसलोच. मग गच्चीवर अलार्म बंद करणाऱ्याला त्याचाच जोडीदार गोळी घालतो. तिजोरी उघडणारा काम संपताच जातो. प्रत्येकाला वरून एकच हुकूम आहे, याचं काम झालं की याला संपव. वाटेकरी गळत जातात आणि प्रत्येक वेळी आपण मनात म्हणतो, आता किती उरले? मागे एकच सूर ताणून ताणून धरलेला असतो, तुटेल तुटेल असं वाटत राहतं. मग भिंत फोडून शाळेची पिवळी बस उलटी आत घुसते आणि अजून एकाचा हिशेब मिटतो. शेवटी एकटा उरलेला मुखवटा काढतो. घरबसल्या वाटा खाणारा म्हणून ज्याच्यावर गाडीत कुरकुर चालली होती, तो जोकर हाच, सुरुवातीला त्याच गाडीत गप्प बसलेला. बस रस्त्यावरच्या बाकीच्या शाळेच्या बसच्या रांगेत शिरते आणि दिसेनाशी होते.

या सगळ्यात बॅटमॅन कुठे आहे? कुठेच नाही. ज्याच्यासाठी तिकीट काढलं त्याचं नखही दिसलेलं नाही आणि एकानेही तक्रार केली नाही.

हा प्रसंग दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनने आयमॅक्स, म्हणजे अवाढव्य पडद्यासाठीच्या, कॅमेऱ्यावर घेतला आणि सिनेमा यायच्या आधीच, डिसेंबर २००७मध्ये, अमेरिकेतल्या आयमॅक्स थिएटरांत दुसऱ्या एका सिनेमाच्या आधी तेवढाच तुकडा दाखवला. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं की हे स्वतःच्या पायावर उभं राहणारं छोटं नाटक आहे. नाटक हा शब्द आला की आमचे अण्णा आले.

अण्णा म्हणजे माझे सासरे. नोकरी सांभाळून तीस वर्षं त्यांनी आमच्या भागातल्या गणेशोत्सवाची नाटकं बसवली. माणूस तालमीला कडक आणि पेटीवर बोटं गोड. २००९ साली बालनाट्य लिहायला कोणी मिळेना म्हणून मी लिहिलं. नायिका 'बिजलीताई', अंगात वीज असलेली मुलगी. मी पहिला प्रसंग असा ठेवला : अंधार, गणपतीसमोर नैवेद्याचे एकवीस मोदक, आणि माकडाचे मुखवटे घालून आलेले पाच चोर. बिजलीताई आठव्या मिनिटाला.

अण्णांनी वही मिटली. "सूनबाई, लोक नायकाला बघायला येतात. त्याला आधी आणा, नाव सांगू दे, शक्ती सांगू दे. चोरांचं काय कौतुक?"

मी म्हटलं, "अण्णा, आमच्याकडे दशावतारात संकासुर आधी येतो."

खरंच येतो. देवळासमोर जत्रेत रात्री दहीकाला, म्हणजे दशावताराचा खेळ, सुरू झाला की मुख्य आख्यानाच्या आधी आडदशावतार होतो, त्यात काळ्या बुरख्यातून लाल जीभ लोंबवत संकासुर येतो. वेद पळवणारा राक्षस, पण मालवणीत असली फिरकी घेतो की पोरं पुढे सरकून बसतात. त्याला मारायला विष्णू मागाहून येतो. आधी चोर, मग देव. हे हॉलीवूडने शोधलेलं नाही हो.

अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. नवरा म्हणाला, "तुम्ही दोघं बघून घ्या." (सतरा वर्षं झाली, त्याचं हेच धोरण आहे.) शेवटी तडजोड अशी की नाटकाआधी अण्णांची नांदी होईल आणि सूत्रधार बिजलीताईची ओळख करून देईल. चोर त्यानंतर.

प्रयोगाच्या रात्री आधी बक्षीस समारंभ, मग भाषणं, मग अण्णांची नांदी. चांगली अकरा मिनिटं. मी विंगेतून बघत होते. पहिल्या तीन रांगांतली पोरं वेफर्सच्या पुड्या फुगवून फोडत होती. सूत्रधाराने बिजलीताईच्या शक्ती सांगितल्या तेव्हा एक मुलगा खुर्चीवर उलटा बसून मागच्या मित्राशी गप्पा मारत होता. सगळं आयतं सांगून टाकल्यावर त्या पोराने करायचं काय?

मग दिवे गेले. एका टॉर्चच्या उजेडात पाच माकडं. पहिला चोर म्हणतो, "एकवीस मोदक, आपण पाच. चार-चार वाट्याला." दुसरा म्हणतो, "आणि उरलेला एक कोणाचा?"

शांतता. खरी शांतता.

त्या एका मोदकावरून भांडण, आणि एकाला बाकीचे फसवून कपाटात कोंडतात. चौघं उरले. मी लिहिलेलं वाक्य चोराने म्हणायच्या आत दुसऱ्या रांगेतून आवाज आला, "पाच-पाच! तरी एक उरतो!" तोच, मघाशी उलटा बसलेला. आता सुलटा होता. तिसऱ्या चोराला मांजराची भीती घालून पळवायचं होतं, तर नेमका त्याच्या मुखवट्याचा इलॅस्टिक तुटला. बिचारा एका हाताने मुखवटा नाकाशी धरून उभा आणि मागून त्याची आईच ओरडली, "अरे, हा तर आपला चिंटू!" मी कपाळाला हात लावला. पण पोरांना त्याचं काही नव्हतं, ती "सात-सात! सात-सात!" ओरडत होती, कारण तिघांत एकवीस बरोबर वाटले जातात आणि आता भांडायला कारणच उरलं नव्हतं. तीन चोर खुशीत मोदक वाटायला बसले तेव्हा सगळ्यात पुढचा मुलगा हळूच म्हणाला, "आता काहीतरी होणार." हे वाक्य मी लिहिलेलं नव्हतं.

शेवटी एकच चोर उरला, सगळ्यात बुटका, पहिलीतला. आख्ख्या प्रसंगात त्याला एकही वाक्य नव्हतं. त्याने मुखवटा काढला, ताट उचललं आणि शांतपणे चालत गेला. मोदक कणकेचे होते, वर पांढरा रंग. खरे ठेवले असते तर तालमीतच संपले असते.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे. प्रेक्षकाला पहिल्याच मिनिटात काहीतरी काम द्या. मोजायला द्या, ओळखायला द्या, धास्ती घ्यायला द्या. धमाके आणि उडत्या गाड्या हे काम नाही. इमारती कोसळताना माणूस बघतो आणि मोबाइलही बघतो. आमच्याकडे इंदूरला अनंत चतुर्दशीच्या रात्री कापड मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात. मिली कधीच्या बंद पडल्या, झांक्या अजून निघतात. लोक रस्त्याच्या कडेला रात्र काढतात आणि प्रत्येक झांकी समोरून जाते अर्धा-एक मिनिट. नुसती रोषणाई असली की लोक बघतात आणि शेंगदाणे सोलतात. हलत्या देखाव्यात राक्षसाचा हात वर जाऊन खाली यायचा असला की शेंगदाणा हातातच राहतो.

२०००च्या 'एक्स-मेन'चंही असंच आहे. १९४४, पोलंडमधली छळछावणी, आईबापांपासून ओढून नेलेला मुलगा हात पुढे करतो आणि लोखंडी दार वाकतं. तो मुलगा पुढे कोण होतो? विरोधक. पहिल्या प्रसंगातच तुम्ही त्याच्या बाजूचे झालेले असता, पुढे तो काहीही करो.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते, नाहीतर अण्णा वाचून दाखवायला लावतील. 'आयर्न मॅन'ही २००८चाच आणि त्यात पहिल्याच दृश्यात नायक हजर आहे, अफगाणिस्तानात लष्करी गाडीत, हातात दारूचा ग्लास घेऊन. तरी तो प्रसंग जमतो. तो अजून सुपरहिरो झालेला नाही आणि थोड्याच वेळात गाडीवर हल्ला होतो हे माझं उत्तर. "म्हणजे नायक आधी आणला तर चालतं," हे अण्णांचं. १९७८चा 'सुपरमॅन' तर क्रिप्टॉनवरच्या, म्हणजे त्याच्या जन्मग्रहावरच्या, खटल्याने सुरू होतो आणि निळा पोशाख दिसायला बराच वेळ लागतो. तेव्हाच्या लोकांनी धीर धरला. आता धरतील की नाही, तुम्ही वर्गातल्या मुलांना दाखवून बघा.

आणि दुसरं. संकासुराचा दाखला मी दर गणपतीत देते. सात-आठ वर्षांपूर्वी एकदा अण्णा चहा ओतून घेता घेता म्हणाले, "पण सूनबाई, तुमच्या त्या आडदशावतारात संकासुराच्या आधी गणपती येतो ना? मग नांदी आधी, हे माझंच खरं."

येतो. रिद्धी-सिद्धींसकट येतो. मला तेव्हा काही सुचलं नाही आणि अजूनही सुचलेलं नाही. तुमच्या प्रोजेक्टमध्ये हे घालू नका.

यंदा माझी मुलगी नाटक बसवतेय. चौदा वर्षांची आहे, पहिला प्रसंग कोणालाही वाचू देत नाही, मलासुद्धा. अण्णा चौऱ्याऐंशीचे. त्यांनी नातीकडे नांदीसाठी दोन मिनिटं मागितली, तिने दीड दिलं. काल दुपारी पेटी काढून, घड्याळ समोर ठेवून बसले होते. एक मिनिट पन्नास सेकंद झाले. वीस सेकंदांवरून दोघांचं अजून चालू आहे.