वाचकांचे प्रश्न : बिल बरोबर, साठा चूक

प्रश्न : ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारपेठेत आमचे मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, लेस, बटणे, चेन, दोऱ्याची रिळे असा माल सासऱ्यांच्या काळापासून आम्ही विकतो. गेल्या वर्षी बिलिंग आणि साठ्याचे सॉफ्टवेअर घेतले. बिले व्यवस्थित निघतात, परंतु साठा कधीच जुळत नाही. पडद्यावर लेस पाच मीटर दिसते आणि गिऱ्हाईकाला दोन मीटर देता येत नाही. सासऱ्यांच्या मते वहीच बरी होती. सॉफ्टवेअर बदलावे की बंद करावे?
— एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर : दोन्ही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण लिहिलेल्या लेसच्या उदाहरणातच अडचणीचे मूळ आहे. संगणक जी लेस पाच मीटर म्हणून दाखवतो ती बहुधा दीड, दीड, सव्वा आणि पाऊण मीटर अशा चार तुकड्यांत पडलेली असते. बेरीज बरोबर असते, पण विकण्याजोगी सलग लांबी शिल्लक नसते. यावर बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये बॅचची, म्हणजे एकाच वस्तूचा प्रत्येक गट वेगळा नोंदवण्याची, सोय असते. ती मुख्यतः औषधांसारख्या मालासाठी वापरली जाते, पण प्रत्येक रोल ही एक बॅच मानून तिचा आपल्यालाही उपयोग करता येतो. मात्र नवरात्रात काउंटरवर गर्दी असताना मदतनीस दर बिलाला योग्य रोल निवडील अशी अपेक्षा ठेवणे व्यवहार्य नाही. म्हणून जरीच्या काठांसारख्या महाग मालालाच बॅच लावावी. साध्या लेसच्या बाबतीत दोन मीटरपेक्षा लहान उरलेला तुकडा त्याच संध्याकाळी मूळ मालातून कमी करून ‘कटपीस’ या वेगळ्या नावाखाली, कमी दराने जमा करावा. पडद्यावर उरलेली लांबी त्यामुळे विश्वासार्ह होते आणि तुकडेही पडून न राहता विकले जातात.

यातूनच मुख्य मुद्दा निघतो. कोणता माल किती बारकाईने मोजायचा हे मालकाने वस्तूगणिक ठरवायचे असते. ते सॉफ्टवेअर ठरवू शकत नाही. कात्र्या, शिलाई मशीनचे सुटे भाग आणि भारी बटणांचे संच नगावर मोजावेत. शर्टाची साधी बटणे आपण ग्रोसने, म्हणजे १४४ नगांच्या हिशेबाने, घेता आणि डझनाने किंवा सुटी विकता. तिथे एकेक बटण जुळवण्याचा आग्रह धरला, तर वाचणाऱ्या पैशांपेक्षा मोजणीत जाणारा वेळच महाग पडेल. अशा मालाचे डबे मोजावेत आणि डबा संपत आला की नवीन मागवावा. नगावर मोजायच्या मालाची खरेदी ग्रोसमध्ये होत असल्यास मूळ एकक ‘नग’ ठेवून ग्रोसचे रूपांतर सुरुवातीलाच भरून घ्यावे, कारण व्यवहार नोंदले गेल्यावर मूळ एकक बदलणे फार त्रासाचे होते.

बिले बरोबर आणि साठा चूक, या लक्षणावरून माझा दुसरा संशय खरेदीच्या नोंदींवर जातो. मंगळदास मार्केटमधून किंवा भुलेश्वरमधून आलेला माल गिऱ्हाईक उभे आहे म्हणून थेट मांडणीत जातो आणि त्याचे बिल चार दिवसांनी चढवले जाते, किंवा बिलावर ‘लेस मिश्र’ एवढेच लिहिलेले असल्यामुळे तशीच एक नोंद केली जाते. विक्री मात्र वेगवेगळ्या नावांनी होते, त्यामुळे एका नावाखाली साठा फुगतो आणि दुसरीकडे तो उणे होतो. साठ्याचे सॉफ्टवेअर काउंटरवर नव्हे, माल उतरतो त्या दाराशी जिंकते किंवा हरते. नोंद झाल्याशिवाय गठ्ठा सुटणार नाही, हा एक नियम आपण निष्ठेने पाळलात तरी बरीचशी तफावत आपोआप कमी होईल.

इथे सासऱ्यांची मदत आवर्जून घ्यावी. दोरे आणि फॉल शेड कार्डावरील, म्हणजे कंपनीच्या रंगछटांच्या नमुना-कार्डावरील, क्रमांकाने नोंदवणे आवश्यकच आहे, कारण डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन छटा क्रमांकानेच वेगळ्या राहतात. परंतु गिऱ्हाईक क्रमांक मागत नाही. ते चिंतामणी, आमसुली, डाळिंबी, मोरपंखी असे मागते. कोणत्या छटेला आपल्या काउंटरवर काय म्हणतात हे सासऱ्यांना तोंडपाठ असणार. ते प्रत्येक क्रमांकापुढे लिहून घेतले, तर कालच कामावर आलेली मुलगीसुद्धा योग्य रीळ शोधू शकेल. वहीत उतरलेले त्यांचे ज्ञान अशा रीतीने यादीत आले, की सॉफ्टवेअरविषयीचा त्यांचा परकेपणाही कमी होईल असे मला वाटते.

सुट्या मालाला बारकोड कसा लावायचा, हा प्रश्न पुढे येईलच. प्रत्येक बटणावर तो लावण्याची गरज नाही. नमुन्याच्या कार्डावर किंवा खणावर लेबल लावून तेच स्कॅन करावे. साध्या थर्मल कागदाचे लेबल ऊन आणि उष्णता यांनी फिके पडते, म्हणून कायमच्या लेबलांसाठी रिबनवर चालणारा प्रिंटर घ्यावा.

कराविषयी थोडक्यात सांगतो. आपण जीएसटीमध्ये नोंदणीकृत असाल, तर २०० रुपयांपेक्षा कमी रकमेच्या विक्रीला, खरेदीदार नोंदणीकृत नसेल आणि त्याने बिल मागितले नसेल, तेव्हा स्वतंत्र बिल न देता दिवसाअखेर एकत्रित बिल करण्याची मुभा आहे. साठ्यासाठी मात्र वस्तूनिहाय नोंद हवीच, म्हणून बिल छापले नाही तरी विक्री सॉफ्टवेअरमध्ये चढवावी. आपण कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या योजनेत, असाल, तर बिलावर कर वेगळा दाखवून वसूल करता येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये तसा पर्याय निवडलेला आहे ना, हे आपल्या कर सल्लागाराकडून तपासून घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर मोठ्या प्रमाणावर बदलले आहेत. जुन्या यादीतील दर त्यानंतर सुधारले आहेत का, हेही त्याच वेळी पाहावे.

संपूर्ण दुकानाची मोजणी वर्षातून एकदा, ३१ मार्चच्या सुमारास करावी आणि त्या आकड्यांनी साठा नव्याने सुरू करावा. एरवी रोज दुपारच्या निवांत वेळी एकच खण मोजून पडद्याशी ताडून पाहावा. फरक आढळल्यास आकडा लगेच दुरुस्त करून मोकळे न होता तो कशामुळे पडला हे आधी शोधावे. सतत एकाच खणात फरक येत असेल, तर तिथे एकक, नाव किंवा नोंदीची वेळ यांपैकी काहीतरी चुकते आहे.

प्रश्न : नेरूळला आमचे सुकामेवा आणि मसाल्यांचे दुकान आहे. तुर्भ्याच्या एपीएमसीमधून पोत्याने माल आणून आम्ही पाव किलोची पाकिटे करतो. वजनकाटा सॉफ्टवेअरला जोडला आहे, तरीही दर महिन्याला माल कमी भरतो.
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : पोते आणि पाकीट या सॉफ्टवेअरच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे ध्यानात घ्यावे. पोते फोडल्यावर रूपांतराची नोंद करावी लागते : सुटा माल इतका वजा, पाकिटे इतकी जमा आणि उरलेला फरक घट म्हणून. निवडताना निघालेला कचरा, फुटके काजू, मालातील ओलावा उडाल्याने कमी झालेले वजन आणि प्रत्येक पाकिटात चार-पाच ग्रॅम जास्त घालण्याची हाताची सवय, हे सगळे त्या घटीत येते. १० किलोच्या मालातून ४० पाकिटे अपेक्षित असताना दर वेळी ३९ निघत असतील, तर ती घट विक्रीच्या किमतीत धरली आहे का, हे तपासावे. घट मालागणिक वेगळी लिहावी, म्हणजे खसखस आणि खारीक यांचा हिशेब एकत्र मिसळणार नाही. काट्यावर रिकाम्या पिशवीचे वजन वजा होते आहे ना आणि वजन-मापे तपासणाऱ्या वैधमापन विभागाची पडताळणी मुदतीत आहे ना, हेही पाहावे. पाकिटावर निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख व कमाल किरकोळ किंमत छापणे आपल्याला बंधनकारकच आहे. तीच पॅकिंगची तारीख बॅच म्हणून सॉफ्टवेअरमध्ये भरली, तर कोणती पाकिटे आधी विकायची हे पावसाळ्याच्या दमट दिवसांतही यादी पाहून ठरवता येईल.