बेथलेहेमचे भाकीत

प्रश्न : शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाने नाताळात गोठा उभारला, तेव्हा येशूचा जन्म बेथलेहेमला होणार हे शेकडो वर्षे आधीच लिहिले होते, असे त्यांनी सांगितले. हे कसे?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : बायबलच्या जुन्या करारातील (येशूच्या आधीच्या ग्रंथांच्या भागातील) मीखाच्या ग्रंथात, येशूच्या सुमारे 700 वर्षे आधीच्या काळातील संदेष्ट्याच्या नावे, लहानशा बेथलेहेमातून इस्राएलचा अधिपती निघेल, असे वचन आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचे जीवन सांगणाऱ्या ग्रंथात, हेरोद राजाने ख्रिस्ताचे जन्मस्थान विचारताच यहुदी शास्त्री तेच वचन वाचून दाखवतात.

येशूच्या जन्माशी जोडले जाणारे दुसरे वचन, यशया या संदेष्ट्याचे, मात्र सावकाश वाचावे लागते. ‘पाहा, कुमारी गर्भवती होईल’ असे मत्तय उद्धृत करतो, पण मूळ हिब्रूतील ‘अल्मा’चा अर्थ तरुणी असा असून ‘कुमारी’ हा अर्थ ग्रीक भाषांतरातील ‘पार्थेनोस’ या शब्दाने स्पष्ट झाला. यहुदी परंपरा हे वचन यशयाच्याच काळातील आहाज राजाशी जोडते आणि येशूला मशीहा (वचन दिलेला तारणारा) मानत नाही. ख्रिस्ती श्रद्धेला त्याच वचनात तो तात्कालिक अर्थ ओलांडणारी परिपूर्ती दिसते. माझ्या मते हा फरक लपवू नये, कारण पूर्ती ही येथे गणितासारखी सिद्धता नसून येशूच्या जीवनाच्या उजेडात जुना ग्रंथ पुन्हा वाचणे आहे.

आपल्याकडे हे मराठीतच वाचता येते, याचा मला फार आनंद वाटतो. फादर स्टीफन्स या ख्रिस्ती धर्मगुरूंचे ‘ख्रिस्तपुराण’ हे मराठी काव्य 1616 मध्ये गोव्यातील राशोलला छापले गेले; त्याचे ‘पहिले पुराण’ जुन्या करारावर असून तारणाऱ्याची वाट पाहणे ओवी-ओवीतून जाणवते. आधी ते वाचा, मग शेजाऱ्यांकडे मत्तयाचा दुसरा अध्याय मागा.